पांढरे प्लग

कल्याणात मुरबाडच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं, तेव्हाची गोष्ट. एकावन्न-बावन्नचा सुमार असेल. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, पुढे चिंचेखाली दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आणि आत जमिनीत खणलेला खड्डा. लढाईच्या वर्षांत मी लष्कराच्या वर्कशॉपात काम शिकलो होतो. मॅट्रिक झालेला, चष्मा लावणारा, शुद्ध बोलणारा मिस्त्री गावात दुसरा नव्हता. वडील शाळामास्तर. माझे काळे हात त्यांना शेवटपर्यंत आवडले नाहीत. गावातल्या डॉक्टर-वकिलांना मात्र ते फार सोयीचे वाटायचे. आपल्यातला माणूस आहे, फसवणार नाही, असं ते एकमेकांना सांगायचे आणि गाड्या माझ्याकडे पाठवायचे. मी इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो अशी माझी ख्याती झाली होती. ती ख्याती मी स्वतःच अर्धी पसरवली होती, हे आज सांगायला हरकत नाही.

गावात एक डॉक्टरीणबाई होत्या. लग्न केलेलं नव्हतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने चांगल्या भरलेल्या, बोलायला तुटक. बाळंतपणासाठी त्यांना डोंबिवलीपासून आंबिवलीपर्यंत बोलावणी यायची आणि त्या कोणालाही नाही म्हणायच्या नाहीत. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची विलायती गाडी होती, लढाईच्या आधीची. काळी, चामड्याच्या सीटांची. गाडी जुनी असली तरी इंजिन चांगलं होतं, कारण तिला ड्रायव्हर चांगला होता.

हा ड्रायव्हर ठाण्याच्या खाडीकडचा, मिठागरांच्या गावचा. घरची सगळी माणसं मिठावर राबणारी. लढाईच्या काळात एका ठेकेदाराकडे लॉरी चालवायला शिकला आणि मिठातून बाहेर पडला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. बाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत राहायचा. खाडीकडच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांनाच तू म्हणतात, त्यामुळे तो बाईंनाही ‘बाय, तू बस’ असंच म्हणायचा. आमच्या लोकांना ते उद्धट वाटे. बाईंना वाटत नसे, किंवा पहिली काही वर्षं तरी वाटत नसे. गावोगावचे रस्ते त्याला पाठ होते. एखाद्या वाडीत बाईंची जड बॅग घेऊन तो पुढे व्हायचा आणि दारातल्या घाबरलेल्या म्हाताऱ्यांना सांगायचा की बाय आली, आता रडू नका. बाई मला एकदा म्हणाल्या होत्या की माझं निम्मं काम तो दारातच करून ठेवतो.

गणपती झाले आणि गाडी मिसिंग मारायला लागली.

मिसिंग म्हणजे इंजिनाचा एखादा ठोका चुकणं. गाडी खोकल्यासारखी करते, हिसके देते, दम तोडते. ड्रायव्हरने पहिल्यांदा गाडी माझ्याकडे आणली तेव्हा ती शिवणाच्या मशीनसारखी चालत होती. मी बॉनेट उघडून कान लावला. काहीच नाही. ‘आता कुठे खोकते आहे?’ मी विचारलं. तो म्हणाला, आत्ता नाय, पन काल आंबिवलीला दोनदा थांबली. मी प्लग काढून साफ केले, पॉइंट घासले, गाडी परत दिली. चार दिवसांनी तो पुन्हा आला. पुन्हा गाडी ठणठणीत. मी कॉइल बदलली, प्लगच्या वायरी बदलल्या, स्वतः शहाडपर्यंत चालवून आणली. एक ठोका चुकला नाही. परत दिली, आणि दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या वाटेवर बाई गाडीतून उतरून उभ्या राहिल्या, आणि दहा मिनिटांनी गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना याचा जाच कळणार नाही. मोडलेली वस्तू दुरुस्त करता येते. कधी मोडते आणि कधी आपोआप नीट होते अशा वस्तूपुढे कारागीर मूर्ख ठरतो. तिसऱ्या खेपेला मी सबंध दिवस त्या गाडीवर घालवला. कार्बोरेटर उघडून धुतला. पेट्रोलची नळी फुंकून काढली. त्या गाडीला पेट्रोल ओढायला विजेचा पंप होता, मागे टाकीजवळ. तो चालू असला की बारीक टकटक करायचा. तोही तपासला. टकटक स्वच्छ होती. मग मी बाईंना निरोप धाडला की तुम्ही स्वतः या, आपण गाडीत बसून ट्रायल घेऊ. बाई आल्या. आवाज नीट ऐकू यावा म्हणून मी त्यांना पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि मी मागे डाव्या कोपऱ्यात बसलो. आंबिवलीला जाऊन आलो. गाडी खोकली नाही. बाई उतरल्या, ड्रायव्हरकडे पाहिलं आणि टांग्यात बसून गेल्या.

त्या दिवशी तो गाडीपाशी बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला,

‘मिस्त्री, मना एक वाटतं. बाय पाठी बसली का गारी खोकते. बाय पाठी नसली का नाय खोकत.’

मी हसलो. त्याला विचारलं, म्हणजे इंजिनाला बाई दिसतात का? तो म्हणाला, ते मना ठाव नाय, पन मी महिनाभर बघतू हाय. दवाखान्याची नर्स एकटी बसली का खोकत नाय, बाय बसली का खोकते. मी त्याला म्हटलं, तू गाडी चालव, विचार करायचं काम माझ्यावर सोड. त्याच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. त्याने मला जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी एक वकील त्यांची गाडी न्यायला आले होते. त्यांना मी ही गंमत सांगितली. बाई वजनदार आहेत म्हणून गाडीला धाप लागते, असं बाईंचा ड्रायव्हर म्हणतो. वजनाचा शब्द त्याचा नव्हता, माझा होता. वकील खो खो हसले. कल्याण तेव्हा लहान होतं. अशी गोष्ट एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जायला वेळ लागत नसे.

पुढे पंधरा दिवस गाडी कधी बरी, कधी वाईट अशी चालली. मग दिवाळीच्या तोंडावर आंबिवलीच्या पलीकडच्या एका वाडीतून बाईंना बोलावणं आलं. पहिलटकरीण होती, दोन दिवस अडलेली. दुपारची वेळ. गाडी अर्ध्या वाटेत खोकायला लागली आणि एका शेताच्या बांधाशी बंद पडली. बाई उतरल्या, ड्रायव्हरने हँडल मारलं, सुरू झाली, फर्लांगभर जाऊन पुन्हा बंद. असं चार वेळा झालं. शेवटी बाई आणि तो, दोघं चालत निघाली. बॅग त्याच्या खांद्यावर. पोचायला तास-सव्वा तास उशीर झाला. बाळंतीण वाचली. मूल वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या गॅरेजमध्ये आल्या. गाडी ड्रायव्हरनेच आणली होती, आणि येताना तिला काही झालं नव्हतं; बाई आधीच टांग्याने येऊन बसल्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी त्यांना तसं पूर्वी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या की वेळेवर गेले असते तर मूल वाचलं असतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण आता मला रात्री झोप लागायची असेल तर गाडीत काय आहे ते मला आजच्या आज कळलं पाहिजे. तुम्हांला कळत नसेल तर तसं सांगा, मी गाडी मुंबईला पाठवते.

मला कळत नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

मी प्लग काढले. पांढरे होते, स्वच्छ. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. ठिणगीचा प्रश्न नव्हता. इथपर्यंत मी बरोबर आलो होतो. पेट्रोल का कमी पडावं? नळी साफ, कार्बोरेटर साफ, पंप चालू. मग राहिलं पेट्रोल. लढाईपासून पेट्रोलमध्ये रॉकेल घालायचा धंदा सगळीकडे चालत होता. ड्रायव्हर लोक पेट्रोल काढून विकतात आणि टाकीत रॉकेल ओततात, हे आम्ही सगळे एकमेकांना सांगत असू. मी टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढलं आणि नाकाशी धरलं. मला रॉकेलचा वास आला.

इथे एक सांगायला हवं. गॅरेजमध्ये आम्ही सगळे भाग रॉकेलने धुतो. हातही रॉकेलने धुतो. माझ्या बोटांना, कपड्यांना, चहाच्या कपालासुद्धा रॉकेलचा वास असे. दुसरी गोष्ट: पेट्रोलमध्ये रॉकेल असलं की प्लग काळे पडतात, काजळी धरतात. पांढरे राहत नाहीत. हे मला लष्करात पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. ते प्लग माझ्या समोर फडक्यावर ओळीने मांडलेले होते.

मी बाईंना म्हटलं, ‘गाडीत दोष नाही. पेट्रोलमध्ये रॉकेल आहे.’

बाईंनी बाटली हातात घेतली, वास घेतला आणि खाली ठेवली. मग अंगणात उभ्या असलेल्या ड्रायव्हरला हाक मारून विचारलं की पेट्रोल कुठे भरतोस. त्याने सांगितलं, नेहमीच्या पंपावर. त्यांनी विचारलं, किती वर्षं झाली तुला माझ्याकडे? तो म्हणाला, सहा. त्या म्हणाल्या, आजपासून येऊ नकोस.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. बाटलीकडे पाहिल्यावर कळलं. बाईंकडे न पाहता तो माझ्याकडे वळला.

‘तुना वास घेतला?’

‘घेतला,’ मी म्हटलं.

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढून मडगार्डवर ठेवली. त्याच दिवशी त्याने खोली रिकामी केली.

आता पुढचं जे झालं ते फार वाईट झालं, म्हणजे माझ्या बाजूने सगळं चांगलं झालं. बाईंनी नवा ड्रायव्हर ठेवला. बोलायला गोड, आमच्याच आळीच्या ओळखीतला. गाडी नीट चालू लागली. पहिला आठवडा गेला, महिना गेला, गाडी एकदाही खोकली नाही. बाईंनी मला मुद्दाम बोलावून चहा दिला. वकिलांनी बार रूममध्ये सांगितलं की आमच्या मिस्त्रीने नुसत्या वासावरून चोर पकडला. माझ्याकडे ठाण्याहून गाड्या यायला लागल्या. प्लग पांढरे होते ही गोष्ट मी मनातल्या मनात कधीतरी आठवत असे, आणि मग स्वतःला सांगत असे की गाडी आता चालते आहे ना, मग झालं. काही दिवसांनी ते सांगायचीही गरज उरली नाही. तो चोर होता याबद्दल माझी खात्री झाली.

शिमग्याच्या आठवड्यात बाईंनी गाडी पाठवली. मागच्या सीटची स्प्रिंग तुटून चामड्यातून वर आली होती आणि कपड्यांना लागत होती. सीट शिवायला देण्यासाठी मी ती उचलून बाहेर काढली. खाली फळ्या होत्या, धुळीने भरलेल्या, आणि उजव्या बाजूने एक वायर मागे टाकीकडे गेली होती. पंपाची वायर. सीटची लोखंडी चौकट नेमकी तिच्यावर टेकत होती. सुताची वरची वीण दबून चपटी झाली होती, पण तुटलेली नव्हती. वरून पाहिलं तर वायर धड दिसत होती. मी ती दोन बोटांत धरून वाकवली. आत काही नव्हतं. मोडलेल्या हाडासारखी ती मधेच लुळी वाकली. आतली तांब्याची तार तुटून दोन टोकं समोरासमोर नुसती टेकलेली होती.

मी गाडी सुरू केली आणि मागे येऊन ओणवा झालो. पंप टकटक करत होता. अंगठ्याने वायर दाबली. टकटक थांबली. मी दाबून धरली. इंजिन थोडा वेळ नीट चाललं, कारण कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल शिल्लक असतं. मग खोकलं. हिसके दिले. मी अंगठा उचलला. टकटक सुरू झाली, आणि इंजिन पुन्हा सुरळीत झालं.

बाई नेहमी उजवीकडे बसायच्या. बॅग डावीकडे, दाराशी, पटकन उचलता यावी म्हणून. त्यांचं वजन पडलं की चौकट वायरीवर बसायची. त्या उतरल्या की टोकं पुन्हा जुळायची. ट्रायलच्या दिवशी मी त्यांना पुढे बसवलं होतं. आणि नवा ड्रायव्हर बॅग पुढे आपल्याशेजारी ठेवायचा, त्यामुळे बाई आता डावीकडे बसत होत्या. हे मी नंतर विचारून घेतलं. विचारायची तशी गरज नव्हती.

नवी वायर घालायला मला दहा मिनिटं लागली. सीट शिवून आली, बसवली, गाडी परत पाठवली. बाईंना सांगितलं, सीट झाली. एवढंच सांगितलं. पुढचे आठ दिवस मी काम केलं, जेवलो, गिऱ्हाइकांशी बोललो. बायकोने दोनदा विचारलं की बरं नाही का. मी म्हटलं, काही नाही.

आठ दिवसांनी मी ठाण्याला गेलो. जुन्या ड्रायव्हरच्या गावाचं नाव ठाऊक होतं, घर ठाऊक नव्हतं. खोपटला एक लॉरीवाला माझ्या ओळखीचा होता. त्या बाजूचे ड्रायव्हर त्याच्याकडे कामाला असायचे म्हणून त्याच्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, तो रॉकेलवाला ना? आला होता माझ्याकडे काम मागायला. मी नाही ठेवला. मग मला खूश करण्यासाठी म्हणाला, तुम्हीच पकडलात ना त्याला, आम्ही ऐकलं आहे. मी तिथे, त्या क्षणी, त्याला सांगू शकलो असतो. मी पत्ता घेतला आणि निघालो.

तो मिठागरात होता. ऊन मी म्हणत होतं आणि वाफ्यांमधलं मीठ इतकं पांढरं होतं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, लांब दांड्याच्या फळीने तो मीठ कडेला ओढत होता. मला पाहून त्याने काम थांबवलं नाही. तो वाफा पुरा केला आणि मग बांधावर आला. त्याच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांत मीठ गेलं होतं. सहा वर्षं बूट घालून गाडी चालवलेल्या माणसाचे पाय. ते मऊ पडलेले असणार.

मी त्याला सगळं सांगितलं. वायर, चौकट, पंप. तो ऐकत होता. यंत्राची गोष्ट चालली होती तोपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर नुसती जिज्ञासा होती. त्याने मधेच विचारलंसुद्धा, की वायर कुठल्या बाजूला होती. मी म्हटलं, उजव्या. त्याने मान डोलावली. मग म्हणाला,

‘मी तुला बोललू व्हतू.’

मी म्हटलं, हो. त्याने विचारलं, बायला सांगितलंस? मी म्हटलं, अजून नाही, आधी तुझ्याकडे आलो. तो म्हणाला, आधी तिला सांगायचं. माझं मना ठावच हाय.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो. दवाखान्यातली माणसं जाईपर्यंत बाकावर बसून राहिलो. मग आत जाऊन सांगितलं. पांढऱ्या प्लगांचंही सांगितलं, माझ्या हातांच्या वासाचंही. काही ठेवलं नाही. मला वाटलं होतं त्या संतापतील, आणि खरं म्हणजे संतापाव्यात अशी माझी इच्छा होती. त्या टेबलावरची कात्री सरळ करत बसल्या.

मग म्हणाल्या, ‘त्या बाटलीला मला वास आला नव्हता.’

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

‘मी वास घेतला. नुसतं पेट्रोल होतं. तुम्ही तज्ज्ञ, म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. माझ्या वजनाबद्दल तो जे गावभर बोलत होता ते माझ्या कानावर आलं होतं. सहा वर्षं माझं मीठ खाऊन हा माणूस असं बोलतो, हे माझ्या डोक्यात होतं. तुम्ही रॉकेल म्हणालात आणि मला बरंच झालं.’

तेव्हा मला त्यांना सांगावं लागलं की तोही शब्द त्याचा नव्हता. तो माझा होता. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने पाहिलं नाही. दवाखान्यात रोगी पाहतात तसं पाहिलं, आणि मला जायला सांगितलं.

त्याला परत बोलवा असं मी दारातून म्हटलं. त्या म्हणाल्या, आता दुसरा माणूस आहे, त्याने काय केलं आहे म्हणून काढू? हे खरंच होतं. पण दोन दिवसांनी त्यांनी नर्सबरोबर एक पाकीट माझ्याकडे पाठवलं. आत दवाखान्याच्या कागदावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं की हा इसम माझ्याकडे सहा वर्षं नोकरीस होता, अत्यंत प्रामाणिक व कुशल आहे, गैरसमजाने त्यास कमी केले होते. खाली सही आणि शिक्का. कोणाच्या गैरसमजाने, ते लिहिलेलं नव्हतं.

मी पुन्हा मिठागरावर गेलो. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून मीच कागद वाचून दाखवला. तो उन्हात उभा राहून ऐकत होता, बाजूला त्याच्या घरातली दोन माणसंही येऊन उभी राहिली. संपल्यावर त्याने कागद हातात घेऊन शिक्का पाहिला, घडी केली आणि मला परत दिला.

‘कोनाला दाखवू ह्यो?’ तो म्हणाला. ‘खोपटच्या लॉरीवाल्याला कोनी कागुद दाखवलेला का? त्याना तोंडान ऐकलं. तूच बोललेलास. आता तूच फिर नि बोल.’

मी म्हटलं, बोलेन.

मी बोललो. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण बोललो नाही असं कोणाला वाटू नये. आणि हेही लिहायचं आहे की त्याचा काही उपयोग झाला नाही. खोपटच्या लॉरीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तुम्ही मोठ्या मनाचे आहात. वकिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, दया आली वाटतं तुम्हांला. पण एकदा नाव गेलं ते गेलं, आणि ती माणसं तशीच असतात, असंही ते म्हणाले. वायरीची गोष्ट मी कितीही नीट समजावून सांगितली तरी लोकांना ती समजत नसे. रॉकेलची गोष्ट एका वाक्यात समजत असे. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे सगळीकडे सांगत सुटू नकोस, धंदा बसेल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या धंद्याची काळजी केली होती.

धंदा बसला नाही. बाईंनी मात्र पुन्हा गाडी माझ्याकडे पाठवली नाही. रस्त्यात भेटल्या तर नमस्कार करायच्या. दोनेक वर्षांनी त्यांनी गाडी काढून टाकली आणि टांग्यानेच जायला लागल्या. मीही पुढे शेड दुसऱ्याला देऊन ठाण्याच्या एका वर्कशॉपात नोकरी धरली. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

त्या वर्कशॉपात मिठागरांच्या बाजूचा एक फिटर होता. त्याच्याकडून मला बाईंच्या जुन्या ड्रायव्हरची खबर मिळत असे. गावातल्या कोणीतरी मीठ वाहायला जुनी लॉरी घेतली होती. ती सारखी बंद पडायची, आणि पडली की लोक त्याला वाफ्यातून बोलावून न्यायचे. तो यायचा, हात धुवायचा, बॉनेट उघडून पाहायचा आणि दोष काढून द्यायचा. फिटर म्हणाला, असा मिस्त्री आमच्या वर्कशॉपात नाही. लॉरीच्या मालकाने त्याला पुष्कळ सांगून पाहिलं की तूच चालव, दुसऱ्याच्या हातात ती टिकत नाही. पण तो स्टिअरिंगवर बसायला कधी तयार झाला नाही. इंजिन सुरू झालं की फडक्याला हात पुसून परत मिठात जायचा.

का बसत नाही, असं फिटरने मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत.